नीनाबायची गार्मोश्का

गोव्यात, पेडण्याच्या बाजारातलं माझं पेटीदुरुस्तीचं दुकान गेल्या चतुर्थीनंतर मी बंद केलं. समारंभ वगैरे काही नाही. एका सकाळी फळ्या काढाव्याशा वाटल्या नाहीत, आणि मग त्या कधीच काढल्या नाहीत. शेजारचा फुलवाला घरी येऊन विचारून गेला, "शिवादा, बरो आसा मरे?" बरा आहे म्हटलं. डाव्या कानात अष्टौप्रहर रातकिडे ओरडत असतात, त्याला बरं म्हणायचं तर बरा आहे. सुताराने वाकडा रंधा मारला तर निदान डोळ्यांना दिसतं. सूर लावणाऱ्याचा कान गेला की तो दुसऱ्याची पेटी बिघडवतो आणि त्याला पत्ताही लागत नाही. तशी वेळ येण्याआधी उठलो, इतकंच.

या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा. मी म्हटलं, धंदा म्हणजे काय, पेटीत हवा जाते आणि ती कुठून तरी भलतीकडूनच बाहेर येते. ती वाट बुजवायची, एवढाच माझा धंदा. ते हसले. पण खरंच तेवढाच आहे. पेटीच्या पोटात पितळेच्या बारीक जिभा असतात. आम्ही त्यांनाच सूर म्हणतो. भात्याची हवा लागली की त्या थरथरतात. जिभेचं टोक जरा खरवडलं की सूर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो. जास्त खरवडलं की जीभ मरते आणि गिऱ्हाईक आपल्याला मारतं. ही झाली विद्या. बाकी सगळं झुरळं, उंदीर, वाळवी आणि समुद्राचं खारं वारं यांच्याशी भांडण. मयेच्या एका भजनी मंडळाने चतुर्थीच्या तोंडावर पेटी आणली, काळी चार म्हणून वाजेना. उघडली तर उंदरिणीने आत आरतीच्या पुस्तकाची गादी करून पिलं घातलेली. मंडळाचा प्रमुख हात जोडून म्हणाला, "गणपतीचें वाहन तें, मारूं नाकात." मग ती पिलं डबीत घालून बाजारामागच्या शेतात सोडून यायचं कामही माझ्याच वाट्याला आलं. एक बुवा दर वर्षी यायचे, पेटी बेसूर झाली म्हणून. पेटी ठीक असायची. मी ती दोन दिवस ठेवून घ्यायचो, पुसायचो आणि परत द्यायचो. "आता कशी गळ्याला लागते!" म्हणून ते खूश होऊन जायचे. गळा दुरुस्त करायचं दुकान गावात नव्हतं, त्यांनी तरी कुठे जावं?

असे पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलो की बाकीचे मागे राहतात आणि नीनाबाय पुढे येते.

तिला प्रथम आणलं ते बाबलीने. बाबली माझा मावसभाऊ. त्याचं हरमलला घर, मागे पाहुण्यांना द्यायच्या खोल्या आणि किनाऱ्यावर मोसमापुरता माडाच्या झावळ्यांचा शॅक. विलायती माणसांशी बोलून बोलून त्याला सहा भाषांतलं थोडं थोडं येतं आणि एकही पुरी येत नाही. त्याच्या स्कूटरच्या मागे बसून एक साठीची उंच, हाडापेराने मोठी बाई आली. मांडीवर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी तान्ह्या मुलासारखं धरलेलं.

"शिवादा," बाबली म्हणाला, "ही बाय माझ्याकडे रावता. हिची पेटी मेल्या. जिवंत करून दी."

चादर सोडली तर आत छोटी, दोन्ही बाजूंना बटणं असलेली पेटी. भात्याच्या कोपऱ्यांना पत्र्याचे नक्षीदार तुकडे, वरची लाकडी पट्टी बोटांनी झिजून गुळगुळीत झालेली. बाई म्हणाली, हिला गार्मोश्का म्हणतात. आजोबांची. आजोबा रशियाहून बोटीने अमेरिकेला गेले तेव्हा गळ्यात घालून घेऊन गेले होते. आजोबांच्या गावचे, आसपासच्या गावांचे बरेच लोक अमेरिकेतल्या एकाच खाणींच्या गावात उतरले. तिथे त्यांनी देऊळ बांधलं, म्हणजे चर्च, आणि त्याच्या शेजारी एक हॉल. त्या हॉलमध्ये नीनाबाय जन्मभर मुलांना रशियन गाणी आणि नाच शिकवत आली. नवरा वारल्यावर थंडीचे महिने काढायला हरमलला येऊ लागली.

"म्हणजे तुम्ही रशियन?" मी विचारलं. माझं इंग्रजी सातवीचं आणि बाजारचं.

"मी अमेरिकन," ती म्हणाली. "रशिया पाहिलेलासुद्धा नाही. पण आमच्या गावात आम्हाला सगळे रशियनच म्हणतात."

मला ते लगेच समजलं. माझे काका मुंबईला गिरणीत होते, तिथे त्यांना सगळे मालवणी म्हणायचे. मालवण त्यांनी बसमधूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

पेटी उघडली. आमच्या पेटीत सूर स्क्रूने बसवतात, हिच्यात मेणाने. अमेरिकेच्या थंडीत घट्ट राहिलेलं मेण बाबलीच्या पत्र्याच्या खोलीत पातळ होऊन गेलं होतं. सूर सुटून आत खुळखुळत होते. जिभा लोखंडी, त्यांच्यावर खाऱ्या हवेचा गंज. मी मध काढणाऱ्याकडून मेण आणलं, त्यात राळ मिसळली, वितळवून सगळे सूर परत बसवले, गंज खरवडला. मग एकेक जोडी कानाशी घेऊन लावली. या पेटीत एका बटणाला दोन दोन सूर असतात आणि सगळ्या जोड्या एकमेकींपासून किंचित ढळलेल्या होत्या. मी सगळ्या काटेकोर जुळवल्या. मोठ्या झोकात तिला बोलावलं.

तिने पट्टा खांद्यावर घेतला, वाजवलं आणि थांबली. पुन्हा वाजवलं. डोळ्यांत पाणी. मला वाटलं, आनंदाचं.

"शिवा," ती हळूच म्हणाली, "हा आवाज तिचा नाही."

तो फरक मुद्दाम ठेवलेला असतो, हे तिने मला समजावलं. दोन सूर जरासे वेगळे असले की त्यांच्यामध्ये एक थरथर येते. त्या थरथरीवरूनच लांबून ओळखू येतं की गार्मोश्का वाजते आहे. मी शहाणपणा करून दोघांना एक केलं होतं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती बाकावर बसून राहिली. पुढचा पूर्ण आठवडा ती रोज दुपारी यायची, मी एक सूर केसभर ढळवायचो, ती डोळे मिटून ऐकायची आणि मानेने "अजून" म्हणायची. माझी बायको सुमती तिला चहा द्यायची. त्या आठवड्यात आमची ओळख झाली ती झालीच.

त्या वर्षांत हरमलला, मोरजीला रशियन माणूस वाळूसारखा झाला होता. दुकानांच्या पाट्या त्यांच्या लिपीत. नीनाबायला हर्ष झाला, आपली भाषा बोलणारी इतकी माणसं तिने एका जागी कधी पाहिली नव्हती. तिने बाबलीच्या अंगणात दुपारच्या तालमी सुरू केल्या. येणाऱ्यांत ओलेग होता, मोटरसायकली दुरुस्त करणारा, आडदांड पण पायाने हलका. आणि ओक्साना होती. ही तिशीतली, बारीक चणीची. गावच्या पोदेराची भट्टी पाव काढून रिकामी झाली की तीत स्वतःचे काळे पाव भाजायची आणि ते सायकलवरून विकायची. नाचाचे लांब झगेही तिनेच शिवले, म्हापशाहून लाल छीट आणून.

पहिल्या दिवशी मी सूर तपासायला म्हणून तिथे होतो. नीनाबायने गाणं सांगितलं आणि सगळे पोट धरून हसायला लागले. मी घाबरलो. ओलेगने डोळे पुसत मला सांगितलं, "ही माझ्या पणजीसारखी बोलते. असे शब्द आता कोणी बोलत नाही."

नीनाबायचा चेहरा पडला. जन्मभर मुलांना "हे आपलं" म्हणून शिकवलं, आणि ज्यांचं ते त्यांनाच हसू येत होतं. मग ओक्साना उठली. म्हणाली, "मला हे गाणं येत नाही. कोणाला येतं?" कोणालाच येत नव्हतं. "मग हसताय काय? शिका."

ते शिकले. चार-पाच मोसम ती मंडळी एकत्र होती. महामारीत विमानं बंद झाली तेव्हा सगळे इथेच अडकले, पाऊसही त्यांनी हरमललाच काढला. ओल्या हवेने गार्मोश्काच्या आतल्या चामड्याच्या पट्ट्या वाळलेल्या पानासारख्या वळायच्या आणि मी पोलीस चुकवत मोटरसायकलवरून त्या बदलायला जायचो. कामाचं बोलायचं तर तितकं चांगलं गिऱ्हाईक मला मिळालं नाही. पेटी वाजवून परत आणणारे पुष्कळ भेटले. ही पेटीबद्दल बोलायला यायची.

नंतरच्या हिवाळ्यात बाबलीने खटपट करून त्यांचा कार्यक्रम गावच्या देवळाच्या सभामंडपात ठरवला. देवस्थानचे दोघेतिघे कुरकुरले, पाय दिसतील म्हणून. झगे घोट्यापर्यंत आहेत हे बाबलीने त्यांना प्रत्यक्ष नेऊन दाखवलं. सांजवेळी वाड्यावरची सगळी वस्ती जमली. नीनाबाय कडेला स्टुलावर बसून वाजवत होती. बाया हातांत हात घालून गोल फिरत होत्या, आधी संथ, गात गात, मग वेग वाढत गेला. आमची पार्वतीमावशी, सत्तरी उलटलेली, पुढच्या रांगेत बसली होती. ती एकदम ओरडली, "अगो, ही तर आमचीच फुगडी! फकत कापडां वेगळीं!" आणि पदर खोचून उठलीच. ओक्सानाने तिला फेरात घेतलं. मग काय, वाड्यावरच्या बाया एकामागून एक उतरल्या. त्यांच्या धालोच्या, म्हणजे बायकांच्या नाचगाण्याच्या, ओळी आणि यांची गाणी एकात एक मिसळली. ओलेग मधोमध उकिडवा बसून पाय झाडत होता, पोरं टाळ्या पिटत होती. नीनाबायचे गाल लाल झाले होते. कार्यक्रम संपल्यावर ती मला म्हणाली, "माझ्या गावच्या हॉलमध्ये लोक खुर्च्यांवर बसून बघतात. आज प्रथमच पाहिलं, गाणं कशासाठी असतं ते."

दर वर्षी करायचं असं गावाने ठरवलं. पुढच्या वर्षीची तयारी सुरू झाली, बाबलीने फलकही रंगवून घेतले, आणि तिकडे लढाई पेटली.

ओक्साना कुठली हे तोवर आम्ही कधी विचारलंच नव्हतं. आमच्या लेखी सगळेच रशियन. ती युक्रेनची होती. तिची आई तिथे एकटी राहत होती, आणि त्या गावावर बॉम्ब पडत होते.

त्या दुपारी मी बाबलीच्या अंगणात होतो. ओक्साना आली, तिने हातातली पिशवी बाकावर ठेवली. शिवून झालेले झगे होते.

"मी गाणार नाही," ती म्हणाली.

ओलेग म्हणाला, "मी काय केलं? मीही त्या लढाईच्या विरुद्ध आहे. आणि गाण्याचा काय दोष?"

"दोष नाही. पण माझी आई तळघरात बसली आहे. वर जे सैनिक आहेत ते याच भाषेत ओरडतात. माझ्या तोंडून ती आता निघत नाही, ओलेग. मी ठरवून करत नाही. निघतच नाही."

इंग्रजीत बोलत होते दोघं. इतकी वर्षं आपसात कधी इंग्रजी बोलले नव्हते. तेव्हा नीनाबायने फार मोठी चूक केली. ती मायेनेच म्हणाली, "आपण सगळी एकाच मुळाची माणसं आहोत, बाळा. माझी आजी नेहमी म्हणायची."

"तुझी आजी कुठली?" ओक्सानाने विचारलं.

नीनाबायने गावाचं नाव सांगितलं.

"ते आमच्याकडे आहे," ओक्साना म्हणाली. "रशियात नाही. तू ते 'नदीकाठची मुलगी' म्हणून गाणं शिकवतेस ना, ते आमचं गाणं. माझी आई गायची. तुझ्या आजीचे शब्द आमचे आहेत, मी पहिल्या दिवसापासून ओळखत होते. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. तुमच्या त्या गावात सगळ्यांना रशियन म्हणून एकाच पोत्यात भरलं, आणि तुम्ही त्या पोत्याला घर म्हणत राहिलात."

ती निघून गेली. झगे बाकावरच राहिले.

दुसऱ्या दिवशी नीनाबाय दुकानात आली. बरोबर पेटी नव्हती, म्हणून मी चमकलो. बाकावर बसली. सुमतीने चहा आणला, तो तिने नुसताच हातात धरून ठेवला.

"चाळीस वर्षं शिकवलं मी," ती म्हणाली. "काय शिकवलं?"

मग मी तिला गोपाळची गोष्ट सांगितली. ती मी कोणाला सांगत नाही, पण त्या दिवशी दुसरं काही सुचलं नाही.

गोपाळ आमच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचा, मी पेटी. लहानपणापासूनचे आम्ही. राजभाषेची चळवळ आली, मराठी की कोंकणी. मी मराठीकडचा, तो कोंकणीकडचा. गंमत अशी की घरात आम्ही दोघेही एकच बोली बोलायचो. भजनं दोघांना तीच पाठ. मोर्चे झाले, दगड झाले, रस्ते अडवले गेले. मंडळ फुटलं. एका देवळात दोन मंडळं झाली, एकाच्या भजनाला दुसरं येईना. गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला, फटाके वाजले, तेव्हा आम्ही बाजारात समोरासमोर आलो आणि दोघांनीही रस्त्याची बाजू बदलून वाट काढली. पुढे तो वास्कोला बंदरात नोकरीला गेला. तिथेच वारला.

"तुम्ही पुन्हा बोललात?" नीनाबायने विचारलं.

"नाही."

"का?"

"आज बोलू, उद्या बोलू म्हणत राहिलो. तोही तेच म्हणत असावा. मी वास्कोला गेलो तेव्हा त्याच्या बायकोने चहा दिला. म्हणाली, ते पेटी ऐकली की तुमची आठवण काढायचे. मी बसने परत आलो."

नीनाबायने चहाचा कप खाली ठेवला. मग उठली. मला वाटलं होतं, ती ओक्सानाला समजवायला जाईल. तिने तसं केलं नाही. ती सरळ बाबलीकडे गेली आणि कार्यक्रम रद्द केला.

बाबलीने आकांडतांडव केलं. "फलक लावलेत! देवस्थानाला काय सांगूं? ओलेग नाचतो, बाकीच्या आहेत, ती एक नसली तर काय बिघडतं?"

"फेर तुटलाय," ती म्हणाली. "तुटलेला फेर मी देवळात घेऊन जाणार नाही."

देवस्थानात जाऊन माफी मागायला ती स्वतः गेली, मी दुभाष्या. अध्यक्षांनी कपाळाला आठ्या घातल्या. पण पार्वतीमावशी तिथे फुलं निवडत बसली होती, तिने विचारलं, "ती पाववाली पोर बरी मगो? तिची आवय खंय?" आई तळघरात आहे म्हटल्यावर मावशीने हातातली फुलं खाली ठेवली. कार्यक्रमाचा विषय तिथेच मिटला.

नंतरचे आठवडे वाईट गेले. ओलेग आणि ओक्साना एका रस्त्याने जात नव्हते. तिच्याकडून पाव घेणारे निम्मे लोक येईनासे झाले. काही लाजेने, काही रागाने. नीनाबाय मात्र रोज सकाळी पाव घ्यायला जायची. बोलणं नाही. पाव घ्यायचा, मान हलवायची आणि परत यायचं. बाकीचा दिवस ती अमेरिकेत फोन करत असायची. हॉलमधल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना गाठून तिने ओक्सानाच्या आईला तिकडे आणायची सोय करायला लावलं. खोली, माणसं, जामीन, सगळं. मग ते ओक्सानाला जाऊन सांगितलं. पण आईच तयार होईना. म्हणे, नवऱ्याची कबर इथे, गाय इथे, मी या वयात कुठे जाऊ? नीनाबाय हे सांगायला माझ्याकडे आली तेव्हा कपाळावर हात मारून घेत होती. "गाय, शिवा! गायीसाठी!" सुमती म्हणाली, "तिचें बरोबर आसा." मी नीनाबायला त्याचं इंग्रजी करून सांगितलं नाही.

शेवटी ओक्सानाने स्वतःच जायचं ठरवलं. सरहद्दीपर्यंत जायचं, आईला समजावून बाहेर काढायचं. जायच्या आदल्या दिवशी दुपारी ती माझ्या दुकानात आली. मी एका मंडळाची पेटी लावत होतो. म्हणाली, "इथे थोडा वेळ बसू का? हरमलला कुठेही बोललं तरी कोणीतरी ऐकतं."

बस, म्हटलं. तिने आईला फोन लावला. पडद्यावर रुमाल बांधलेला चेहरा, मागे बरण्यांची फळी. दोघी आधी भांडल्या. भाषा कळत नसली तरी आईलेकींचं भांडण कळतं. मग म्हातारी रडू लागली. ओक्सानाला काय करावं सुचेना. आणि ती गायला लागली. हळू, जवळजवळ बोलल्यासारखं. तेच नदीकाठच्या मुलीचं गाणं. चाल मी ओळखली. शब्द मात्र नीनाबाय शिकवायची त्यापेक्षा गोल, मऊ होते.

तेवढ्यात नीनाबाय आली. मोसम संपवून अमेरिकेला परत जायच्या प्रवासाआधी गार्मोश्काचं मेण तपासून घ्यायचं म्हणून ती पेटी घेऊन येणार होती, ते मी विसरूनच गेलो होतो. ती दारातच थांबली. परत जावं की आत यावं, तिला कळेना. ओक्सानाने तिला पाहिलं. गाणं थांबवलं नाही. बाकावरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली, एवढंच.

नीनाबाय त्या मोकळ्या जागेत बसली. दुसऱ्या कडव्याला तिने पट्टा खांद्यावर घेतला आणि अगदी हलक्या हाताने साथ धरली. गायली नाही. ओठ बंद होते. मी माझ्या पुढ्यातल्या पेटीचा भाता दाबून धरला, चुकून सूर निघू नये म्हणून.

फोनमधून म्हातारीने काहीतरी विचारलं. ओक्सानाने नीनाबायकडे बघून उत्तर दिलं. त्यावर म्हातारीने डोळे पुसले आणि तीही गाऊ लागली, फाटक्या, बेसूर आवाजात. मधेच तिने लेकीला थांबवून एक शब्द सुधारून दिला.

फोन बंद झाल्यावर मी ओक्सानाला विचारलं, आई काय म्हणाली?

"विचारत होती, कोण वाजवतंय. मी म्हटलं, पलीकडच्या गावच्या एकीची नात आहे."

नीनाबायने गार्मोश्का मिटली. चामड्याचा बंद तिच्या बोटांतून दोनदा सुटला. ओक्सानाने वाकून तो लावून दिला. याहून जास्त त्या दोघींत काही झालं नाही. मिठी नाही, माफी नाही. ओक्साना तिच्या वाटेने गेली, नीनाबाय बाबलीच्या स्कूटरवरून तिच्या.

आई बाहेर आली. गाय शेजाऱ्याला देऊन. दोघी शेजारच्या देशात कुठेतरी राहतात, ओक्साना तिथेही पाव भाजते असं ऐकतो. ओलेग अजून हरमलला आहे, पण नाचत नाही. देवळात पुन्हा कार्यक्रम झाला नाही. पार्वतीमावशी गेल्या वर्षी गेली.

नीनाबायही परत आली नाही. गुडघे गेले, इतका लांबचा प्रवास झेपत नाही म्हणते. अधूनमधून तिचा फोन येतो. दुकान बंद केल्याचं मी तिला सांगितलं तेव्हा ती तिकडचं सांगू लागली. आता ती प्रत्येक गाण्याआधी उभी राहून सांगते, हे गाणं कुठल्या गावचं, ते गाव आज कुठल्या देशात. हॉलमधल्या काहींना ते आवडलं नाही. आजोबांच्या काळापासून आपण रशियन, आता म्हातारपणी हे काय नवीन, म्हणून जुनी माणसं यायची थांबली. तिच्या सख्ख्या बहिणीनेसुद्धा येणं सोडलं.

"हॉल अर्धा झाला, शिवा."

"मग?"

"मग काय. थकले मी. पण अर्धे येतात ना, त्यांना शिकवते." आणि तेवढ्यात तिकडे दार वाजलं, कोणीतरी आलं असावं. थांब, म्हणाली आणि फोन तसाच ठेवून गेली. मी उजव्या कानाला लावून बसलो होतो. खुर्च्या भिंतीकडे सरकवल्याचे आवाज येत होते, एकामागून एक. फेरासाठी जागा करत होते.